आखूड पाऊल

थोरलीला आयुष्यात कोणी वाईट म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. लोक तिला कष्टाळू म्हणत. ‘मोठी फार कष्टाळू आहे हो,’ हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो सूर तिच्या चांगलाच ओळखीचा होता. उकडलेली पालेभाजी तब्येतीला उत्तम असते, हे सांगतानाही माणसं त्याच सुरात बोलतात आणि मग दुसऱ्या ताटलीकडे हात नेतात. दुसरी ताटली म्हणजे तिची धाकटी बहीण. तिच्याबद्दल कोणी पुरतं वाक्य बोलायच्या भानगडीत पडत नसे. ‘आणि ती धाकटी... छे!’ एवढं म्हणून माणसं कौतुकाने मान हलवत, आणि त्या एका ‘छे’मध्ये थोरलीची सगळी वर्षं बुडून जात.

दोघी हॉकी खेळत. एकाच संघात, एकाच रंगाचा सदरा घालून, आणि एकाच घरातून निघून. वडील शहरातली बस चालवत. आई पुढच्या खोलीत मशीनवर शाळांचे गणवेश शिवी, त्यामुळे आलेल्या माणसाला बसवायचं म्हणजे आधी खुर्चीवरच्या निळ्या बाह्या उचलाव्या लागत. मागच्या खोलीत बहिणींच्या दोन खाटा आणि मध्ये एक कपाट. कपाटाचा थोरलीचा अर्धा भाग नीटनेटका होता. धाकटीचा अर्धा उघडताना जरा बाजूला उभं राहावं लागे.

घरात हॉकी आली ती वडिलांच्या बसडेपोमुळे. डेपोला लागून मैदान होतं आणि तिथे भूगोलाचे एक निवृत्त मास्तर मुलींना खेळ शिकवत. भूगोल त्यांच्या तोंडातून काही गेला नव्हता. “ईशान्येला ढकल! अगं ईशान्येला! ती नैऋत्य आहे, बाळ!” असं ते ओरडत, आणि नव्या मुली सूर्य कुठे आहे ते शोधत राहत. थोरलीने पहिल्याच आठवड्यात सगळ्या दिशा पाठ केल्या. घरी येऊन ती इमारतीच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारी आणि परत आलेला स्टिकने थांबवी. तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या स्वयंपाकघरात रंगाचे पोपडे डब्यात पडू लागले तेव्हा तो वर येऊन म्हणाला, “पोरीला एक तर मैदानात झोपवा, नाहीतर मला तरी.” वडिलांनी त्याची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी भिंत रंगवून दिली. थोरलीने ती वाळेपर्यंत वाट पाहिली.

अशी तीन-चार वर्षं गेल्यावर एका संध्याकाळी धाकटी मैदानावर आली. आईने निरोप पाठवला होता की येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आण. धाकटीने निरोप सांगितला आणि थोरली बुटाची नाडी सोडत होती तेवढ्यात तिची स्टिक उचलून, पायात सपाता, समोर पडलेला चेंडू उडवला. चेंडू गोलाच्या वरच्या कोपऱ्यात गेला. गोलकीपर मुलगी वळून मागे बघत राहिली, कारण तिला वाटलं मास्तरांनीच मारला. मास्तर जवळ आले.

“कुठे शिकलीस हे?”

“काय?” धाकटी म्हणाली.

तो प्रश्न थोरलीच्या मनात कुसळासारखा रुतला आणि तिथेच राहिला. आपण काय केलं हे त्या पोरीला माहीतसुद्धा नव्हतं. दोऱ्याचं रीळ त्या दिवशी दोघीही विसरल्या आणि आईने बोलणी मात्र मोठीला ऐकवली, कारण लक्षात ठेवणं हे मोठीचं काम होतं.

कोणीही म्हणेल की बहिणीचं कौतुक व्हावं, आनंद व्हावा. थोरलीला तो होत असे. कर भरल्यावर जेवढा होतो तेवढा. परकी मुलगी असती तर तिला देवाची देणगी म्हणून सोडून देता आलं असतं. इथे आईबाप तेच, जेवण तेच, भिंतसुद्धा तीच, आणि धाकटीने त्या भिंतीकडे कधी ढुंकून पाहिलेलं नव्हतं. थोरलीने या गोष्टीचा शास्त्रशुद्ध तपासही केला होता. दुपारी धाकटी झोपलेली असताना तिने आईच्या दोऱ्याने तिचं मनगट मोजलं, मग आपलं मोजलं. आपलंच जाड निघालं. त्या दिवसापासून शास्त्रावरचा तिचा विश्वास उडाला.

धाकटी वाईट नव्हती, हाही एक ताप होता. गर्विष्ठ असती तर तिचा राग करणं सोपं गेलं असतं. ती झोपाळू होती, खादाड होती, सरावाला उशिरा येई आणि आली की सगळ्यांना हसवी. ‘ताई, ताई’ करत मागे फिरे. थोरलीचे मोजे घाली आणि ओले करून परत देई. मास्तर उशिराबद्दल तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावत, ती दोन मारून झाडाखाली बसे आणि मास्तर दुसरीकडे बघत. थोरलीच्या वेळी मात्र ते कधी दुसरीकडे बघत नसत. ती इतकी नियमित होती की तिच्याकडे बघावंच लागत नसे.

पुढे थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. मागच्या खोलीत यंत्रावर भिंगं घासून फ्रेमच्या मापाची करायची. पाण्याची बारीक धार, फिरणारा दगड, आणि दोन बोटांत धरलेलं भिंग. जरा जास्त घासलं तर भिंग फ्रेममध्ये खुळखुळतं, कमी घासलं तर बसवताना तडकतं. तिच्या हातून दोन्ही होत नसे. मालक काका गिऱ्हाइकांना सांगत, “आमच्या मुलीने बसवलेलं भिंग काढायचं तर चेहरा फोडावा लागेल.” मग विचारत, “बहीण काय म्हणते? परवा पेपरात फोटो होता की तिचा!”

फोटो होता. त्यात थोरलीही होती. तिची पाठ आणि एक बूट.

त्याचं कारण तिची जागा. पुढे खेळायला लागणारा वेग तिच्यात नव्हता आणि कितीही पळून तो आला नाही, तेव्हा मास्तरांनी तिला पेनल्टी कॉर्नरची थांबवणारी केलं. हे काम असं असतं. समोरचा संघ गोलाजवळ चुकला की पेनल्टी कॉर्नर मिळतो. एक मुलगी गोलाच्या रेषेवरून चेंडू जोरात बाहेर ढकलते. यांच्या संघात ते काम लांबी करी, जिला सगळेच लांबी म्हणत आणि का ते बघितल्यावर कळे. दुसरी मुलगी गोलासमोर आखलेल्या अर्धगोलाच्या बाहेर वाकून, स्टिक आडवी टेकवून, तो चेंडू जागच्या जागी मारते, म्हणजे थांबवते. तिसरी मागून धावत येऊन, तो स्टिकवर घेऊन, शरीर पिळून गोलात भिरकावते. लोक टाळ्या तिसरीसाठी वाजवतात. तोवर दुसरी अजून वाकलेलीच असते.

तिसरी अर्थातच धाकटी.

मास्तरांनी थांबवण्याची जागा खडूने आखून दिली होती. पण दोघींनी एकत्र पहिला कॉर्नर घेतला तेव्हा धाकटीच्या पायात थोरलीचे जुने बूट होते, एक माप मोठे. त्यात तिचं शेवटचं पाऊल आखूड पडलं, स्टिक चेंडूपर्यंत पोचेना. थोरलीने ते एकदाच पाहिलं आणि पुढचा चेंडू खडूच्या खुणेवर न थांबवता वीतभर अलीकडे, धाकटीच्या बाजूला थांबवला. गोल झाला. पुढे धाकटीला स्वतःचे बूट मिळाले, पण पाऊल आखूडच पडत राहिलं. थोरलीने मनाशी म्हटलं, बघा, आळशी ती आळशीच, एक पाऊल नीट टाकायला नको. आणि ती त्या आळसाची भरपाई करत राहिली. पळत येणाऱ्या पायांच्या आवाजावरून, मागे न बघता, ती ओळखू लागली की आज पाऊल किती आखूड पडणार, आणि चेंडू तेवढाच अलीकडे घेई. सामने झाले, चषक आले, धाकटीचं नाव झालं. खडूची खूण पावसाने गेली. मास्तरांनी पुन्हा आखली नाही. होणाऱ्या गोलाची चौकशी कोणी करत नाही.

ही वीतभर जागा थोरलीची गुप्त मालमत्ता होती. कोणी ‘छे!’ म्हटलं की ती मनातल्या मनात तिथे जाऊन बसे. तुम्ही ज्याला देणगी म्हणता ना, त्यातली अर्धी मी रोज संध्याकाळी वाकून ठेवते. मी हात काढून घेतला तर दिसेल तुम्हाला काय उरतं ते. या विचारावर तिने बरीच वर्षं काढली. माणसं याहून कमी गोष्टींवर काढतात.

मग देशाच्या संघाच्या शिबिराची बातमी आली. त्या वर्षीच्या अंतिम सामन्याला निवड करणारे येणार होते आणि मास्तरांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: कॉर्नरसाठी एक माणूस हवं आहे, मारणारी किंवा थांबवणारी, जी आवडेल ती. एकच. थोरलीचं वय असं होतं की पुढच्या वर्षी तिला कोणी बघणार नव्हतं. हे मास्तरांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त तिला विचारलं, “गुडघा कसा आहे?” आणि ते आधी कधी विचारलेलं नव्हतं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, “मोठे, जेवण झालं की धाकटीचा सदरा इस्त्री करून ठेव गं. उद्या ती माणसं तिला बघायला येणारेत.”

“मलाही बघणारेत,” थोरली म्हणाली.

“हो, मग तुझाही कर की. इस्त्री गरम असतेच.”

वडील हसले. मग हसायला नको होतं हे लक्षात येऊन पाणी प्यायले.

धाकटी तोंडात घास घेऊन म्हणाली, “माझा राहू दे, ताई. मला तर तिथे जावंसंच वाटत नाही. तिथे पहाटे उठवतात म्हणे. आणि दुपारी झोपूही देत नाहीत.”

थोरली उठली, ताट धुतलं, आणि दोन्ही सदरे इस्त्री केले. धाकटीच्या सदऱ्याची कॉलर तिने जरा जास्तच कडक केली. ज्या गोष्टीसाठी आपण डोळे पुसायलाही थांबलो नाही ती गोष्ट या पोरीला झोपेच्या बदल्यात महाग वाटते! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. इस्त्रीची त्या मानाने काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला छत्रीखाली तीन खुर्च्या होत्या. दोन पुरुष आणि मधोमध एक बाई, पांढरी टोपी घातलेली. सामना रटाळ चालला होता. एक गोल यांचा झाला, तो कॉर्नरवर: लांबीने ढकलला, थोरलीने वीतभर अलीकडे थांबवला, धाकटीने मारला. टोपीवाल्या बाई शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलल्या आणि धाकटीकडे बोट केलं. ते बोट थोरलीने पाहिलं. ते तिच्या डोक्यावरून गेलं होतं.

मग समोरच्यांनी बरोबरी केली, आणि सामना संपता संपता यांना आणखी एक कॉर्नर मिळाला.

थोरली आपल्या जागी गेली, गुडघा वाकवला आणि स्टिक टेकवली. मैदानावर खडूची खूण नव्हती, पण ती कुठे असायला हवी हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. आणि तेव्हा तिच्या मनात जे आलं ते इतकं साधं होतं की आजवर का आलं नाही याचंच तिला नवल वाटलं. चेंडू नियमाच्या जागी थांबवायचा. बस. मास्तरांनी शिकवलं तिथे, पुस्तकात लिहिलंय तिथे, एक केसभरही इकडे-तिकडे नाही. मग धाकटीचं ते आळशी पाऊल वीतभर मागे पडेल, स्टिक हवेत फिरेल, आणि छत्रीखालच्या लोकांना कळेल की आजवर कोण कोणाला सांभाळत होतं. कोणाला बोट दाखवायला जागा नाही. जगात आपलं काम चोख केल्याबद्दल अजून कोणाला शिक्षा झालेली नाही.

संघ हरेल हे तिला सुचलं. सुचून ते बाजूला झालं.

लांबीने ढकलला. मागे पावलं वाजली. थोरलीने चेंडू खुणेवर असा थांबवला की तो शहारलासुद्धा नाही. मग ती श्वास धरून वाकून राहिली.

तिने फक्त आवाज ऐकला. आधी स्टिकचा एक लांब, खरखरीत सुस्कारा, नेहमीपेक्षा लांब. मग गोलाच्या फळीवर तोफ डागावी तसा धडाका. गोलकीपरने हात वर केला तेव्हा चेंडू आत आपटून परत येत होता. मैदान टाळ्या-आरोळ्यांनी फुटलं. लांबी नाचत आली आणि थोरलीच्या पाठीवर पडली. टोपीवाल्या बाई उभ्या राहिल्या होत्या. धाकटीने आजवर मारलेल्या गोलांत असा एकही नव्हता, आणि हे त्या मैदानावर थोरलीइतकं कोणालाच पक्कं माहीत नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत बाकीच्या मुली बाहेर फोटोला गेल्या तेव्हा दोघीच उरल्या. धाकटी जमिनीवर फतकल मारून पायातले पट्टे सोडत होती.

“काय मजा आली आज, ताई! आज पहिल्यांदा बॉल नीट मिळाला.”

“नीट म्हणजे?”

“म्हणजे... जाऊ दे.”

“जाऊ दे काय? बोल.”

धाकटीने मान खाली घातली. “अगं, तू नेहमी जवळ ठेवतेस ना. मग शेवटचं पाऊल आखडून घ्यावं लागतं. तुझे बूट मला मोठे होत होते तेव्हा ठीक होतं. मग नवे आले, मला वाटलं आता तू पुढे ठेवशील, पण तू ठेवेचनास. म्हटलं, ताईची सवय असेल.”

थोरली बाकावर बसली.

“इतकी वर्षं? आणि सांगितलं नाहीस?”

“तू एवढी मेहनत करतेस, ताई. दुकानातून दमून यायचीस आणि अंधार पडेपर्यंत बॉल थांबवत बसायचीस. त्यात मी कुठे तोंड घालणार?” तिने पट्ट्याची गुंडाळी करून कोपऱ्यात फेकली. “आणि तसाही गोल होतच होता.”

तसाही. थोरलीने बहिणीला पुढे पुष्कळ गोष्टींची माफी दिली, ओल्या मोज्यांचीसुद्धा. त्या एका शब्दाची मात्र देववेना. वीतभर जागेची आपली जहागीर होती ना, ती आळसाला दिलेला टेकू नव्हती. तो पोरीच्या पायातला खोडा होता आणि तो आपणच रोज संध्याकाळी, वाकून, घाम गाळून, काळजीपूर्वक ठोकत होतो. आणि ती पोरगी खोडा घालूनही राज्यात पहिली येत होती. तिने आळसाने नाही, भीड म्हणून पाऊल आखडलं होतं! ज्या बहिणीला सकाळी उठण्याची मेहनत जमत नव्हती तिने ही एक मेहनत वर्षानुवर्षं केली, आणि तीही थोरलीच्या नकळत. म्हणजे मेहनतीतही ती पुढे गेली. थोरलीकडे आता काहीच शिल्लक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एक भिंग घासून घासून इतकं बारीक केलं की ते बाहुलीच्या चष्म्यात बसलं असतं. मालक काकांनी ते उजेडात धरलं.

“काय गं, या बिचाऱ्याने काय केलं होतं तुझं?”

“चुकलं, काका.”

“ते दिसतंय. पण तुझं चुकलंय हे गिऱ्हाइकाला कसं पटवू? त्याचा विश्वास बसायचा नाही.”

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा मास्तर पुढच्या खोलीत निळ्या बाह्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना कोणी त्या बाजूला ठेवू दिल्या नव्हत्या की त्यांना ते सुचलं नव्हतं, कोण जाणे. धाकटीची निवड झाली होती. सोमवारी निघायचं. आई त्यांना तिसऱ्यांदा चहा विचारत होती आणि वडील उगाचच बसची किल्ली खिशातून काढून परत ठेवत होते.

“आणि मोठीसाठीही निरोप आहे,” मास्तर म्हणाले. “पहिली राखीव. धाकटीला काही झालं, किंवा तिने नाही म्हटलं, तर त्या जागी तू. त्या टोपीवाल्या बाई म्हणाल्या, शेवटचा बॉल या मुलीने जसा थांबवला तसा थांबलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नाही. बरोबर पुस्तकातल्या जागी.”

थोरली ‘बरं’ म्हणाली. तिच्या सगळ्या कारकिर्दीत मोठ्या माणसांनी वाखाणलेलं एकच काम होतं आणि ते तिने बहिणीचा घात करायला केलं होतं. यावर हसावं असं तिला वाटलं, पण हसायला समोर जागा नव्हती, सगळीकडे बाह्या होत्या.

मागच्या खोलीत धाकटी खाटेवर उताणी पडली होती.

“ताई, मी नाही म्हणून सांगते.”

“कशाला?”

“शिबिराला. तू जा. मला खरंच तिथलं जमायचं नाही. पहाटे उठा, पळा, मोजून खा. तुझ्यासारखीलाच ते शोभतं. तुझी ती शेवटची संधी आहे, माझं काय, पुढच्या वर्षी बघू.”

मास्तर गेल्यावर आई पुन्हा मशीनला बसली होती, त्याची घरघर इथवर येत होती. थोरलीने फक्त गप्प राहणं पुरेसं होतं. एवढंच. गप्प राहिली असती तर सकाळी धाकटीने मास्तरांना नाही सांगितलं असतं, लोक म्हणाले असते पोरगी आळशी, आणि सोमवारी थोरली गेली असती. तिने कपाटाकडे पाहिलं, आपल्या नीटनेटक्या अर्ध्या भागाकडे. सामानाची बांधाबांध करायला तिला पाच मिनिटंही लागली नसती. जायचं होतं. इतकं जायचं होतं की दातात कळ आली. आणि तरी एक गोष्ट तिला कळेना: ही पोरगी खरंच झोपेसाठी नको म्हणते आहे की आणखी काही? आजवर तिला खात्री असे. कालपासून नव्हती.

“माझ्याकडे बघ,” ती म्हणाली. “बघ इकडे. पुन्हा पाऊल आखडतेस का तू?”

धाकटी उठून बसली. कान लाल झाले होते.

“नाही गं.”

“खोटं बोलू नकोस.”

“बरं, थोडंसं. मग? तुला जायचंय ना? लहानपणापासून तुलाच जायचंय! मला कोणी विचारलंय का कधी की मला काय...”

“मला तुझी भीक नकोय!” थोरली इतक्या जोरात ओरडली की पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. “आयुष्यभर तुझं कौतुक ऐकायचं मी, छे काय हात आहे, छे काय मनगट आहे, आणि आता जे मिळेल तेही तुझ्या ताटातलं उष्टं? लोकांना कळलं नाही तरी मला कळेल ना! सकाळ-संध्याकाळ कळेल! तुझा हेवा करते मी, कळलं? करते! पण तो करायला मला जागा तरी ठेव. तू आणखी चांगली झालीस तर मी करू काय?”

धाकटीचे डोळे भरले. मग एकदम तिलाही राग आला. तिला राग येताना कोणी फारसं पाहिलं नव्हतं; त्यातही तिची पद्धत सहज होती.

“मग मी करू काय, ते तरी सांग! जाते म्हटलं की तुझं तोंड एवढंसं होतं, नाही म्हटलं की अंगावर येतेस. दूर ठेवलास तेव्हा मला पाडायला ठेवला होतास, ते काय मला कळलं नाही? कळलं! तरी मी कोणाला बोलले का? लांब टाकू पाऊल की आखूड? एकदाच सांग आणि मोकळी कर मला!”

म्हणजे तेही कळलं होतं. थोरली भिंतीला टेकली. आता लपवायला काही नव्हतं, आणि त्यात जरा हलकं वाटलं, दुखरा दात निघाल्यावर वाटतं तसं.

“लांब टाक,” ती म्हणाली. “रडायचं माझं मी बघते.”

सोमवारी वडिलांनी आपल्याच बसमधून धाकटीला स्टेशनवर नेलं. वाटेत प्रत्येक थांब्यावर थांबावं लागलं, नोकरी ती नोकरी. स्टेशनवर थोरलीने तिची पिशवी गाडीत फळीवर ठेवली, खाली उतरून खिडकीशी हात हलवला, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत चेहरा जागच्या जागी ठेवला. घरी येऊन ती न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडला आणि रडायला बसली. तिने कोणतंही काम अर्धवट टाकलेलं नव्हतं, हेही टाकलं नाही. आधी बहिणीचा हेवा रडून घेतला, मग मनगटाचा, मग ‘तसाही’चा, मग त्या छत्रीखालच्या बोटाचा.

थोड्या वेळाने आईने दार ठोठावलं. “अगं, किती वेळ? टाकी रिकामी होईल!”

“झालंच, आई,” थोरली आतून म्हणाली, नळ जरा बारीक केला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.